पुरस्कार त्यांचा, कंटाळा आपला?

'कोर्ट', 'द डिसायपल', 'उसकी रोटी'... जगभर नावाजलेले सिनेमे बघताना आपल्याला झोप येते. मग चुकतं कोण? सिनेमा, आपण की हातातला फोन?

कॉलेजच्या ग्रुपवर एकदा विचारून बघा, "'कोर्ट' कुणी बघितलाय?" तीन प्रकारची माणसं सापडतात. पहिली लिहितात, "मास्टरपीस!" दुसरी लिहितात, "जाम पकाऊ, अर्ध्यात सोडला." आणि तिसरी वीस मिनिटांत झोपलेली असतात, पण पहिल्या मेसेजला लाल बदाम देऊन मोकळी होतात.

हा तिसरा गट सगळ्यात मोठा असावा, असा माझा अंदाज आहे. मास कॉमच्या वर्गात तर नक्कीच. स्क्रीनिंग संपतं, दिवे लागतात, सर विचारतात, "काय वाटलं?" आणि 'कंटाळा आला' हे दोन शब्द कुणाच्याही तोंडून निघत नाहीत. त्यातही नंदुरबार, हिंगोली, गडचिरोलीकडून आलेली आमच्यासारखी पोरं जास्तच गप्प. कारण पुण्या-मुंबईचा पोरगा "बोअर झालो" म्हणाला, की ते त्याचं मत ठरतं. आम्ही म्हणालो, की "याला कळलं नाही" असं ठरतं.

म्हणून हा प्रश्न नुसता सिनेमाचा नाही. एखादी गोष्ट भारी आहे की नाही हे ठरवायचा हक्क कुणाला आहे, हाही प्रश्न त्यात आहे.

व्हेनिस ते चिंचपाडा

नवापूर तालुक्यातल्या आमच्या चिंचपाड्याला रेल्वे स्टेशन आहे, थिएटर नाही. सुरत-भुसावळ लाईनवरचं हे गाव. मोठ्या पडद्यावर सिनेमा बघायचा तर गाडी पकडून बाहेर जायचं, नाहीतर फोन आहेच. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' 17 एप्रिल 2015 रोजी थिएटरात लागला तेव्हा मी शाळेत होते. तोपर्यंत त्या सिनेमानं 2014च्या व्हेनिस महोत्सवात 'ओरिझोन्ती' विभागातल्या सर्वोत्तम सिनेमाचा आणि पदार्पणासाठीचा 'लायन ऑफ द फ्यूचर', असे दोन पुरस्कार मिळवले होते. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला होता. पुढे भारतातर्फे ऑस्करलाही तोच गेला. दिग्दर्शकाचं वय व्हेनिसच्या वेळी 27.

गोष्ट साधी आहे. नारायण कांबळे नावाच्या लोकशाहिरावर आरोप आहे, की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं गटारात उतरून आत्महत्या केली. वीरा साथीदार यांनी ही भूमिका केलीय. खटला चालतो, तारीख पडते, पुन्हा चालतो, पुन्हा तारीख पडते. कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो आणि सगळं कोर्ट एका चौकटीत दाखवतो. सरकारी वकीलबाई भराभर वाचत जातात. एका बाईनं बिनबाह्यांचा ड्रेस घातला म्हणून न्यायाधीश तिची केसच त्या दिवशी ऐकत नाहीत. मध्येच आपण वकीलबाईंच्या मागे लोकलमधून त्यांच्या घरी जातो, त्या स्वयंपाक करतात, तेही बघत बसतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी हा सिनेमा घरी लॅपटॉपवर लावला. प्रेक्षक म्हणजे दोन चुलत भाऊ, आत्या आणि मामा. भाऊ अकरावी-बारावीचे. त्यांनी पंधराव्या मिनिटाला फोन काढले. एकानं विचारलं, "ताई, स्पीड वाढवता येतो का?" हे अपेक्षितच होतं.

अपेक्षित नव्हतं ते आत्या आणि मामांचं. दोघं शेवटपर्यंत हलले नाहीत. वनहक्काच्या दाव्याच्या फाईलसाठी मामांनी सरकारी कचेऱ्यांचे इतके हेलपाटे मारलेत, की पुढची तारीख मिळाली की माणूस कसा मान हलवतो, हे त्यांना पाठ आहे. कोर्टात इंग्रजी सुरू झालं की मी आत्याला मावचीत सांगत होते. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती म्हणाली, "राहू दे. खऱ्या कोर्टात कोण सांगतं?"

सिनेमा संपल्यावर मी मामांना विचारलं, "संथ वाटला का?" ते म्हणाले, "संथ कुठे? लवकरच संपला. आमचं तर अजून चालूच आहे." आणि उठता उठता पुढे म्हणाले, "पण हे पैसे देऊन कोण बघणार? आपण फुकट बघतोच की."

मला वाटतं, 'कोर्ट'वरच्या दोन्ही बाजू या दोन वाक्यांत आल्या. सिनेमा संथ आहे, कारण तो ज्याबद्दल आहे ती गोष्टच संथ आहे. खटल्याला लागणारा वेळ हीच कांबळेची शिक्षा आहे. हा सिनेमा झटपट कापून दीड तासाचा केला, तर गोष्ट तीच राहील, शिक्षा मात्र गायब होईल. आणि तरीही ज्यांच्या आयुष्यात हे रोजचंच आहे, त्यांनी संध्याकाळी पुन्हा तेच का बघावं, हा मामांचा प्रश्नही खोटा नाही.

संथ वेगळा, कंटाळवाणा वेगळा

आपण हे दोन शब्द एकच समजतो, तिथे घोळ होतो. नागराज मंजुळेंचा 'सैराट' घ्या. लांबी जवळजवळ तीन तास. म्हणजे 'कोर्ट'पेक्षा साधारण तासभर जास्त. पण त्याला कुणी पकाऊ म्हणत नाही. अजय-अतुलच्या गाण्यांवर लोक थिएटरात नाचले. मात्र त्या सिनेमातलं काय आठवतं असं विचारा. झिंगाटच्या बरोबरीनं शेवट आठवतो. तिथे संगीत नाही. आवाजच नाही. एक लहान पोर बाहेर चालत जातं आणि फरशीवर पावलं उमटतात. अख्खा सिनेमा धावल्यानंतर दिग्दर्शक थांबतो आणि आपल्याला तिथून नजर हटवू देत नाही. हा संथपणा चिंचपाड्याच्या पोरांनाही कळला. त्यासाठी फिल्म अप्रिसिएशनचा कोर्स लागला नाही.

उलट, दर दहा मिनिटांनी गाडी उडणारे आणि हीरोची स्लो मोशन एन्ट्री दाखवणारे कितीतरी सिनेमे भयंकर कंटाळवाणे असतात. पुढे काय होणार हे आधीच माहीत असतं. फरक इतकाच, की त्या कंटाळ्याला गोंगाट असतो, म्हणून झोप लागत नाही.

मोठ्यांचंही पटत नाही

आपल्याला बोअर झालं की आपल्याला वाटतं, आपणच कमी पडलो. पण ज्यांची नावं आदरानं घेतो, त्यांचंही यावर कधी एकमत नव्हतं.

मणि कौल यांचा 'उसकी रोटी' बघा. 1969 ते 70च्या काळातला सिनेमा, मोहन राकेश यांच्या कथेवरचा. पंजाबातली एक बाई ड्रायव्हर नवऱ्यासाठी रोटी बांधून रस्त्यावर बसची वाट बघत थांबते. बहुतेक सिनेमा म्हणजे ते थांबणंच. काहींच्या मते हा भारतीय सिनेमातला मैलाचा दगड आहे, काहींना तो सहन झाला नाही. याच मणि कौलांच्या 'दुविधा'वर आणि कुमार शहानींच्या 'माया दर्पण'वर सत्तरच्या दशकात लेख लिहून टीका कुणी केली? सत्यजित राय यांनी. 'पथेर पांचाली'च्या दिग्दर्शकानं! राय काही मारधाडपट काढत नव्हते. त्यांचेही सिनेमे संथच म्हटले जायचे. तरी त्यांनी आपलं न पटणं स्पष्ट लिहिलं, कारणांसकट.

अलीकडचं उदाहरण 2022चं. ब्रिटनचं 'साइट अँड साउंड' मासिक 1952पासून दर दहा वर्षांनी जगातल्या सर्वोत्तम सिनेमांचा कौल घेतं. यावेळी सोळाशेहून जास्त समीक्षक-अभ्यासकांनी मतं दिली आणि पहिला नंबर आला शांताल आकरमानच्या 1975च्या 'जान दिएलमान'चा. तीन तास एकवीस मिनिटं. एक विधवा गृहिणी बटाटे सोलते, पलंग आवरते, स्वयंपाक करते आणि आपण ते जवळपास पूर्ण वेळ बघतो. लगेच वाद पेटला. 'टॅक्सी ड्रायव्हर'चे लेखक पॉल श्रेडर यांना तर हा सिनेमा आवडतो. पण अचानक पहिला नंबर देऊन सिनेमाचं भलं झालं नाही, असं त्यांनी जाहीरपणे म्हटलं.

मला त्यांचं पटतं. पहिला नंबर मिळाला की सिनेमाकडे बघायची आपली नजर बदलते. आपण सिनेमा बघत नाही, त्याची उलटतपासणी घेतो. "बघू तरी, काय एवढं आहे यात!" अशा मूडमध्ये बसल्यावर बटाटे सोलणं बटाटे सोलणंच दिसणार.

'द डिसायपल'चं काय?

आता माझं खरं मत. ताम्हाणेचाच 'द डिसायपल' 2020मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत गेला. 2001च्या 'मान्सून वेडिंग'नंतर तिथे पोचलेला तो पहिला भारतीय सिनेमा. पटकथेचा पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी नेटफ्लिक्सवर आला. शरद नेरुळकर नावाचा तरुण शास्त्रीय गाणं शिकतो, वर्षानुवर्षं रियाज करतो आणि हळूहळू त्याला कळत जातं, की आपण त्या उंचीला पोचणार नाही.

विषय काळजाला हात घालणारा आहे. स्पर्धा परीक्षेचा चौथा अटेम्प्ट देणाऱ्या कुठल्याही मुलाला शरद कळेल. पण सिनेमाची एक अट आहे. शरद वाईट गात नाही, फक्त पुरेसा चांगला गात नाही. हा बारीक फरक कानाला कळला, तर सिनेमा आतून हलवतो. नाही कळला, तर बाकीच्यांचे चेहरे बघून अंदाज बांधावा लागतो. माझा कान तयार नाही. दोनदा बघूनही मला हा सिनेमा अर्धाच भेटला. रात्री मोटरसायकलवरून जाणारा शरद आणि मागे माईंचा आवाज, ही दृश्यं पहिल्यांदा भारावून टाकतात. पुढे पुढे मला ती तीच ती वाटली.

म्हणजे पुरस्कार चुकीचा का? नाही. पण पुरस्कार देणाऱ्या पाच-सात लोकांनी एका वर्षातल्या काही सिनेमांतून निवड केलेली असते. तो सगळ्यांना आवडलाच पाहिजे, असा काही सरकारी जीआर नसतो.

फोनवरचा दोष कुणाच्या खात्यात?

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. हे सिनेमे अंधाऱ्या हॉलसाठी बनलेले असतात. 'कोर्ट'च्या शेवटी कोर्टाला सुट्टी लागते, एकेक दिवा बंद होतो आणि पडदा काही वेळ काळोखात राहतो. थिएटरात तो काळोख अंगावर येतो. लॅपटॉपवर त्या काळोखात आमचेच चेहरे दिसले आणि भाऊ म्हणाला, "हँग झाला का?"

2019मध्ये नेटफ्लिक्सनं वेग वाढवून बघायची सोय आजमावली, तेव्हा हॉलिवुडच्या काही दिग्दर्शकांनी जोरदार विरोध केला. तरी ती सोय आली. माझ्या भावांची पिढी गाणं, लेक्चर, सिनेमा सगळं दीडपट वेगानं बघते. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण ज्या गावात हे सिनेमे कधी मोठ्या पडद्यावर लागलेच नाहीत, तिथल्या पोरांना "तुम्हाला पेशन्स नाही" असं सुनावणंही अन्यायाचंच. गावातल्या माणसांवरचे सिनेमे व्हेनिस-बर्लिनला पोचतात आणि गावातच पोचत नाहीत. शाळेच्या हॉलमध्ये पांढरी चादर आणि भाड्याचा प्रोजेक्टर, एवढं जरी जमलं, तरी खरं काय ते कळेल. कदाचित तेव्हाही पोरं पकाऊच म्हणतील. म्हणू देत. निदान ते बघून म्हणतील.

पकाऊ म्हणण्याआधी...

- सिनेमा निम्म्या वेळात संपवला असता तर काय गेलं असतं? उत्तर 'काहीच नाही' असेल, तर बिनधास्त पकाऊ म्हणा.
- तुम्ही कशाची वाट बघत होता? मारामारीची वाट बघत 'कोर्ट'ला बसलात, तर दोष सिनेमाचा नाही.
- कितीदा फोन उचलला? खरं सांगा.
- 'मास्टरपीस' म्हणताय? मग कुठलं दृश्य आवडलं ते सांगा. एकही आठवत नसेल, तर लाल बदाम परत घ्या.