२५६ बाइटांचा संसार

संगणक म्हटल्यावर पडदा आणि कळफलक असलेले यंत्र डोळ्यांसमोर येते. परंतु शिरूर तालुक्याच्या पश्चिम भागातील केंदूर आणि पाबळ या शेजारच्या गावांत शेतकऱ्याचा रोज ज्या संगणकांशी संबंध येतो, त्यांपैकी बहुतेकांना पूर्ण कळफलकही नसतो आणि धड पडदाही नसतो. विहिरीवरच्या मोटारीचा नव्या पद्धतीचा ऑटो स्विच, डेअरीत दुधाची फॅट दाखवणारे यंत्र, डिजिटल वजनकाटा, घरातला विजेचा मीटर, यांच्या पोटात एकच काम आयुष्यभर करत राहणारा छोटा संगणक बसवलेला असतो, आणि अशा रचनेला एम्बेडेड प्रणाली म्हणतात. तिच्या केंद्रस्थानी असलेल्या चिपला, म्हणजे प्रक्रियक, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या पिना ज्या एकाच तुकड्यावर असतात तिला, मायक्रोकंट्रोलर हे नाव आहे. या चिपकडे स्मृती थोडी, वेग बेताचा आणि वीज मोजकी असल्यामुळे तिच्याभोवती यंत्र रचणे ही काटकसरीची वेगळीच विद्या ठरते.

ही विद्या या परिसरात शिकवली जाते, आणि तिचा पत्ता केंदूरच्या शेजारीच आहे. संत कान्होराज महाराज पाठकांचे केंदूर आणि मस्तानीच्या कबरीचे पाबळ अशी ओळख असलेल्या या कमी पावसाच्या टापूत डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम ही संस्था सुरू केली. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या आणि हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेल्या कलबागांनी मुदतीआधी निवृत्ती घेऊन पाबळ गाठले, ते शाळेत न रमलेल्या मुलांना हाताने काम करत करत विज्ञान शिकवता येते हे सिद्ध करण्यासाठी. वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती, पशुपालन आणि गृह-आरोग्य यांचा एकत्र अभ्यास असलेला तेथील निवासी अभ्यासक्रम पुढे बऱ्यापैकी नावारूपाला आला. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या पुढाकाराने तेथे फॅब लॅब उभी राहिली, आणि एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब पाबळला झाली, बोस्टनच्या एखाद्या उपनगरात नव्हे. फॅब लॅब म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर कापणारी, कोरणारी यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग एका छपराखाली असलेली कार्यशाळा. कलबाग २००३ मध्ये निवर्तले. कार्यशाळा मात्र चालू राहिली.

तेथे सुरुवातीला जे प्रश्न पुढे आले ते गावचेच होते, आणि दुधाची प्रत मोजणे हा त्यांतला एक. दुधाचा भाव बराचसा फॅटवर ठरतो, आणि फॅट काढण्याची जुनी गर्बर पद्धत सल्फ्युरिक आम्ल, काचनळी आणि गरगर फिरवणारे यंत्र मागते. त्याऐवजी दुधातून श्राव्यातीत ध्वनी सोडून तो किती वेगाने पलीकडे पोचतो हे मोजले, तर त्या वेगावरून घटकांचा अंदाज करता येतो. पण हाच वेग तापमानानेही बदलत असल्यामुळे तापमान मोजून दुरुस्ती केल्याशिवाय उत्तराला काही अर्थ राहत नाही. आम्ल आणि काचनळीचे काम गणिताकडे आले की ते गणित करणारी चिप कोणती, ती किती खर्चाची आणि तिला किती स्मृती, हे प्रश्न ओघानेच येतात.

फॅब लॅबच्या शिक्षणक्रमात वर्षानुवर्षे वापरली गेलेली एटीटायनी ४४ ही चिप या दृष्टीने जवळून पाहण्यासारखी आहे. चौदा पिनांच्या या चिपमध्ये प्रोग्राम साठवण्यासाठी ४ किलोबाइट जागा असते आणि चालू कामाच्या नोंदी ठेवण्यासाठी, म्हणजे रॅम म्हणून, अवघे २५६ बाइट. ‘केंदूर’ हा शब्द मोबाइलवर ज्या युनिकोड पद्धतीने साठवला जातो त्या पद्धतीत त्याची सहा चिन्हे प्रत्येकी ३ प्रमाणे १८ बाइट घेतात, तेव्हा ही सगळी रॅम या एका गावाचे नाव चौदा वेळा लिहिले की संपते आणि हाती ४ बाइट उरतात. एवढ्या जागेत मोजमापे, वेळेचा हिशेब आणि संदेश या सर्वांचा संसार थाटायचा असतो.

जमिनीतील ओलावा मोजणाऱ्या साध्या यंत्राचे उदाहरण घेतले, तर संवेदकाकडून येणारा विद्युतदाब चिपला ० ते १०२३ यांमधील एका संख्येच्या रूपाने कळतो, आणि एकाच वाचनावर भरवसा ठेवता येत नसल्याने अनेक वाचनांची सरासरी काढावी लागते. सरासरी दहा वाचनांची काढावी असे माणसाला सहज वाटते. परंतु या चिपला गुणाकाराची आणि भागाकाराची स्वतंत्र सोय नाही, त्यामुळे दहाने भागायचे तर त्यासाठी वेगळा प्रोग्राम भरून जागा आणि वेळ दोन्ही खर्चावे लागतात. सोळा वाचने घेतली तर बेरीज जास्तीत जास्त १६,३६८ होते, ती दोन बाइटांत आरामात मावते, आणि सोळाने भागणे म्हणजे द्विमान अंक चार घरे उजवीकडे सरकवणे एवढेच उरते. दहाऐवजी सोळा निवडण्याचा हा निर्णय कागदावर क्षुल्लक दिसतो, पण या विद्येतली हुशारी बव्हंशी अशाच निर्णयांत असते.

विजेचा हिशेब त्याहून कडक आहे. घड्याळात किंवा वजनकाट्यात असते तशा नाण्याएवढ्या सीआर २०३२ सेलमध्ये साधारण २२५ मिलिअँपिअर-तास वीज असते. यंत्र जागे राहून सतत ५ मिलिअँपिअर घेत राहिले तर तो ४५ तासांत, म्हणजे दोन दिवसही पूर्ण होण्याआधी, संपतो. तेच यंत्र दर पंधरा मिनिटांनी सेकंदाच्या दहाव्या भागापुरते जागे झाले आणि उरलेला वेळ ५ मायक्रोअँपिअरवर झोपले, तर हिशेबाने तोच सेल चार वर्षांच्या वर पुरतो. प्रत्यक्षात सेल आपोआपही थोडा झिजतो, म्हणून त्यातून काही वजा धरावे लागते. कालव्याचे पाणी आवर्तनाने मिळणाऱ्या मुलखात ठरल्या वेळी थोडे घेऊन बाकी वेळ थांबण्याचे हे तत्त्व समजावून सांगावे लागू नये. याउलट मोबाइल संदेश पाठवणारा भाग क्षणभर का होईना २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो, त्यामुळे ज्या यंत्राला संदेश पाठवायचा आहे त्याची वीजव्यवस्था पहिल्यापासून वेगळी आखावी लागते.

सर्किट एकाने आखायचे आणि प्रोग्राम दुसऱ्याने लिहायचा, ही मोठ्या कारखान्यांतली वाटणी येथे फारशी उपयोगाची नाही. बटण दाबले की त्याचे धातूचे टोक काही मिलिसेकंद थरथरते आणि चिपला एकाऐवजी अनेक दाब जाणवतात. हा दोष एक छोटा कपॅसिटर लावून दूर होतो, तसाच थोडे थांबून पुन्हा वाचण्याच्या प्रोग्राममधल्या चार ओळींनीही होतो. एकच यंत्र करायचे असेल तर कपॅसिटर सोपा, लाखभर करायची असतील तर ओळी स्वस्त, आणि प्रोग्रामची जागा आधीच भरली असेल तर पुन्हा कपॅसिटर. म्हणूनच फॅब लॅबमध्ये शिकणारा एकच माणूस आकृती काढतो, तांब्याचा पातळ थर असलेल्या पट्टीवर ०.४ मिलिमीटरच्या टोकाने सर्किटच्या रेषा कोरून घेतो, सव्वातीन मिलिमीटर लांबीचे भाग चिमट्याने धरून डाग देतो आणि शेवटी प्रोग्रामही स्वतःच भरतो.

शेतातली परिस्थिती या हिशेबात आणखी काही ओझी टाकते. मोटार सुरू होताना तारांत जे विद्युत झटके उठतात त्यांनी चिपचा प्रोग्राम भलत्याच जागी अडकू शकतो, आणि मध्यरात्री विहिरीवर जाऊन तो पुन्हा चालू करणारा कोणी नसतो. यासाठी चिपमध्ये वॉचडॉग नावाचा स्वतंत्र घड्याळ-पहारेकरी असतो. प्रोग्रामने ठरल्या वेळेत ‘जागा आहे’ अशी खूण दिली नाही की तो सगळी चिप पहिल्यापासून सुरू करतो. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेले नॅनो गणेश हे उपकरण विहिरीवरची अशी खेप वाचवण्यासाठीच आहे. शेतकरी मोबाइलवरून त्याला फोन लावतो, ठराविक कळा दाबून मोटार चालू किंवा बंद करतो, आणि लाइट आहे की नाही हे आवाजाच्या खुणेवरून त्याला घरबसल्या कळते. त्याच्या सुरुवातीच्या काही रचनांत साधा मोबाइल हँडसेटच जोडलेला असे, कारण तयार हँडसेट ही त्या काळी मिळणारी सर्वांत स्वस्त संदेशव्यवस्था होती. शिरूरच्या उसात बिबट्यांचा वावर असताना रात्रीच्या पाळीत विहिरीपर्यंतची एक खेप वाचणे ही मामुली सोय नव्हे.

ऑटो स्विचची गोष्ट मात्र अर्धवट राहिली आहे. लाइट आली की मोटार आपोआप चालू करणारे हे यंत्र गावोगावी पोचले, पण पुरवठा येताच एका डीपीवरच्या, म्हणजे एकाच रोहित्रावरच्या, सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात, प्रत्येक मोटार सुरुवातीला नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, आणि रोहित्रावर एकदम भार येऊन ते जळते. महावितरण त्यामुळे ऑटो स्विच काढून टाकण्याचे आवाहन वारंवार करते, आणि शेतकरी ते काढत नाही, कारण रात्री-अपरात्री विहिरीवर जाण्याचे कष्ट त्याचे असतात. हा तंटा उपदेशाने सुटणारा नाही, पण मायक्रोकंट्रोलर असलेल्या स्विचमध्ये तो पुष्कळसा सुटू शकतो. प्रत्येक स्विचने आपल्या अनुक्रमांकावरून काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंतचा वेगवेगळा उशीर काढून मग मोटार सुरू करावी, एवढेच त्याला शिकवायचे आहे. त्यासाठी नवा भाग लागत नाही, स्मृतीचे दोन-तीन बाइट आणि प्रोग्रामच्या आठ-दहा ओळी पुरतात. शिरूर-दौंड पट्ट्यात ऑटो स्विच बनवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक कारागिराने त्या ओळी आपल्या यंत्रात घालाव्यात, आणि स्विच विकत घेणाऱ्या शेतकऱ्याने दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारावा की हा सगळ्यांबरोबर चालू होतो की थांबून.