संवर्धित कार्प माशांतील जननग्रंथींचा प्रारंभिक विकास आणि मत्स्यबीज निर्मिती

प्रस्तावना : पैठणचा नाथसागर व मराठवाड्यातील इतर तलावांतील मत्स्यव्यवसायात कटला, रोहू व मृगळ या माशांना महत्त्वाचे स्थान आहे. हे मासे मूळचे नदीतील असून साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी ओडिशात पोष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. तेव्हापासून इंजेक्शन दिले की अंडी मिळतात, असा समज रूढ झाला. तो अपुरा आहे.

जननग्रंथींची घडण : भ्रूणावस्थेत आद्य जननपेशी शरीरपोकळीच्या वरच्या भिंतीकडे स्थलांतरित होतात व तेथे जननग्रंथींच्या दोन बारीक पट्ट्या तयार होतात. अंडाशय की वृषण, हा भेद प्रथम सूक्ष्मदर्शकाखालीच ओळखता येतो. मादी वयात आल्यावर, हिवाळा सरताच तापमान व दिवसमान वाढू लागते आणि पोष ग्रंथीच्या प्रभावाने अंडाशयातून इस्ट्रोजेन स्रवते. त्यामुळे यकृतात पीतकाचे पूर्वप्रथिन तयार होऊन ते रक्तावाटे अंडपेशींत साठते. येथपर्यंतचा विकास तळ्यातही होतो.

खंड कोठे पडतो : पावसाळी पुराची चेतना न मिळाल्याने अंडमोचनास आवश्यक संप्रेरक पुरेसे स्रवत नाही, मेंदूतील डोपामिनही त्यास अटकाव करते. म्हणून आधुनिक इंजेक्शनात स्रावप्रेरकासोबत डोपामिनविरोधी घटक असतो. मात्र हा उपाय पीतक पूर्ण भरलेल्या अंडपेशींनाच लागू पडतो. न सुटलेली अंडी शरीरात शोषली जातात. थंड प्रदेशातील स्टर्जन माशात तर मादी पक्व होण्यास अनेक वर्षे लागतात. लिंग बाहेरून ओळखता येत नसल्याने तेथे सोनोग्राफीचा आधार घेतला जातो.

समारोप : इंजेक्शन अंडी निर्माण करीत नाही, तयार अंडी मोकळी करते. पीतक साठण्याचा काळ उन्हाळ्याचा, आणि मराठवाड्यातील तळी आटतात तीही याच काळात. तेव्हा प्रजनक माशांची दाटी झाली व प्रथिनयुक्त खाद्य कमी पडले, तर जुलैतील इंजेक्शन ती उणीव भरून काढू शकत नाही. बोटुकलीचे भवितव्य पावसाळ्यापूर्वीच ठरू लागते. प्रजनक तळ्याचे नियोजन फेब्रुवारीपासून व्हावयास हवे.