आडनावांचे दफ्तर

छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या जुन्या शाळेत सकाळची हजेरी चालू असताना वर्गाच्या दाराशी क्षणभर उभे राहावे. पाटील, कुलकर्णी, देशमुख, इनामदार, चौधरी, काझी, अशी एकामागून एक नावे कानांवर पडू लागली, की आपण मुलांची हजेरी ऐकत आहोत की कधीच बरखास्त झालेल्या एखाद्या सरकारच्या अंमलदारांची, असा संभ्रम पडतो. निजामशाही गेली, मोगलाई गेली, हैदराबादचे संस्थानही १९४८ साली संपले. हुद्दे मात्र अजून ‘हजर’ म्हणून हात वर करतात.

गावचा वसूल पाटलाकडे आणि त्याचा हिशेब कुलकर्ण्याकडे, परगण्याचा कारभार देशमुखाकडे आणि त्याचे दफ्तर देशपांड्याकडे, अशी ही दुपदरी घडी शतकानुशतके टिकली. ‘पाटील’ हा शब्द जुन्या ताम्रपटांतल्या ‘पट्टकिला’चा वंशज, ‘कुलकर्णी’तले कूळ म्हणजे सारा भरणारे कूळ आणि ‘करण’ म्हणजे लेखनिक. वतन वंशपरंपरेचे असल्यामुळे हुद्दा बापाकडून मुलाकडे जाई, आणि प्रत्यक्ष कामाशी ज्याचा काडीचाही संबंध नाही असा धाकटा भाऊसुद्धा तेच उपपद मिरवी. हुद्द्याचे आडनाव झाले ते असे. निजामाच्या अमदानीत मराठवाड्यात कुलकर्ण्यालाच पटवारी म्हणत, तेव्हा ‘पटवारी’ हेही आडनाव होऊन बसले. ही वतने एकाच जातीची मिरास नसल्यामुळे देशमुख मराठा असतो, ब्राह्मण असतो, मुसलमानही असतो. आडनावावरून जात ताडण्याची हौस असलेला गृहस्थ या मुलखात हटकून फसतो, आणि तसा तो फसावा हे माझ्या मते उत्तमच.

सर्वांत रंजक इतिहास ‘नीस’ या शेपटाचा आहे. फारसीत ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस, पारसी म्हणजे फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनीस, आणि ‘फर्द’ म्हणजे हिशेबाचा सुटा कागद, तो लिहिणारा फर्दनवीस. त्याचाच पुढे फडणवीस झाला आणि बोलण्याच्या घाईत मधला ‘व’ गळून फडणीसही झाला. ‘फड’ या आपल्या शब्दाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह पुष्कळांना होतो, परंतु मूळ आहे ते त्या कागदात.

गावावरून पडलेल्या आडनावांची तऱ्हा वेगळी. पैठणात राहणाऱ्याला पैठणकर म्हणण्याचे प्रयोजन काय? गावच पैठणकरांचे. ते नाव पडते गाव सोडून दुसरीकडे बिऱ्हाड केलेल्याला. म्हणजे ‘कर’ हा प्रत्यय वस्तुतः स्थलांतराचा दाखला आहे. मलिक अंबराने १६१० साली वसविलेली खडकी पुढे फतेहनगर झाली, १६५३ साली औरंगाबाद झाली, २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाली; पण नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात मु. शं. औरंगाबादकर सभागृह आहे, त्याची पाटी बदललेली नाही. गावाचे नाव राजपत्राने बदलते, गाव सोडून गेलेल्याचे नाव बदलत नाही.

पाळण्यातल्या नावांनाही असाच इतिहास असतो. वेरूळच्या पाटीलकीच्या घराण्यातल्या मालोजी भोसल्यांनी आपल्या दोन मुलांची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली, ही परंपरा प्रसिद्ध आहे. त्याच मालोजींच्या पणतवाचे नाव आज या शहराने धारण केले आहे.

या साऱ्या दफ्तरात एका व्यक्तीची नोंद मात्र सापडत नाही, ती आईची. स्वतःचे नाव, बापाचे नाव, आडनाव, एवढ्यात मराठी माणूस संपतो. आणि ही रीत अनादी असावी अशी आपली समजूत असते. परंतु इथून अर्ध्या दिवसात जाऊन येता येईल अशा पैठणात, प्राचीन प्रतिष्ठानात, ज्यांची राजधानी होती ते सातवाहन राजे स्वतःस गौतमीपुत्र सातकर्णि, वासिष्ठीपुत्र पुळुमावि असे म्हणवीत. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्री या राजमातेने आपल्या दिवंगत पुत्राचे पराक्रम शिळेवर कोरवून घेतले, आणि ते कोरविले नातवाच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी.

महाराष्ट्र शासनाने आता सरकारी कागदपत्रांवर मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरविला आहे. अनाथ मुलांसारखे अपवाद सोडले, तर १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना तो लागू आहे.