राष्ट्राध्यक्ष प्रवेश रोखू शकतात, पण कोणाच्या अधिकाराने?



"राष्ट्राध्यक्षांनी एका सहीने प्रवेश बंद केला" अशी बातमी आली की आपल्याकडे एकच प्रश्न निघतो: एकटा माणूस असं करू शकतो का?

अमेरिकेत कोणत्या परकीयांनी यायचं, हे ठरवणारा मूळ कायदा काँग्रेसने १९५२ साली केला. त्यातल्या कलम २१२(एफ) नुसार, देशहिताला बाधक वाटल्यास राष्ट्राध्यक्ष परकीयांच्या कोणत्याही वर्गाचा प्रवेश थांबवू शकतात, तोही त्यांना आवश्यक वाटेल तितका काळ. अमेरिकन नागरिकांना हे कलम लागू होत नाही.

१९६५ साली काँग्रेसने इमिग्रंट व्हिसा देताना वंश, राष्ट्रीयत्व किंवा जन्मस्थान पाहून भेदभाव करायला मनाई केली. मग ही मनाई राष्ट्राध्यक्षांना अडवते का? 'ट्रम्प विरुद्ध हवाई' खटल्यात २६ जून २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की नाही. ती मनाई व्हिसा देण्यापुरती आहे. प्रवेशाला पात्र कोण, हा प्रश्न वेगळा. (ती प्रवेशबंदी पुढे जानेवारी २०२१ मध्ये रद्द झाली.)

याच कलमाची झळ आपल्याही घरांना लागली. जून २०२० मध्ये परदेशातून नव्याने येणाऱ्या एच-१बी व एल-१ धारकांचा आणि त्यांच्या कुटुंबीयांचा प्रवेश थांबला. ती बंदी ३१ मार्च २०२१ रोजी संपली. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरच्या उमेदवारांच्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर्सची अट आली, तीही मुख्यतः याच कलमाच्या आधारे.

म्हणजे कोर्टाची वाट अरुंद आहे. पण जो अधिकार काँग्रेसने दिला, तो काँग्रेस आवरूही शकते. तसा प्रयत्न झालाही. 'नो बॅन अ‍ॅक्ट' या विधेयकात ठोस कारणं देण्याची आणि ४८ तासांत काँग्रेसला माहिती देण्याची अट होती. २१ एप्रिल २०२१ रोजी ते प्रतिनिधिगृहात २१८ विरुद्ध २०८ मतांनी मंजूर झालं, पण सिनेटमध्ये अडलं.

तेव्हा अशी घोषणा झाली की भारताचं तिकीट काढण्याआधी मूळ मजकुरात तीन गोष्टी बघा: कोणाला लागू, कधीपर्यंत, आणि सवलत कोणाला. शंका असल्यास इमिग्रेशन वकिलांना विचारा. आणि ज्यांना इथे मतदानाचा हक्क आहे, त्यांनी आपल्या काँग्रेस प्रतिनिधीला जरूर पत्र लिहा. कलम बदलायचं तर ते तिथेच बदलेल.