दुखतो गुडघा आणि मोडतात मान

मागच्या महिन्यात वस्तीतल्या आरोग्य शिबिरात एक मावशी आल्या. वय पंचावन्नच्या पुढे, तीस वर्षे झाडूकाम केलेले, दोन्ही गुडघे सुजलेले. पण तक्रार सांगितली ती मानेची आणि चक्करेची. मुलाने मोबाईलवर व्हिडिओ पाहिला होता. त्यात रुग्णाला टेबलावर झोपवून झटका देतात, कट्ट आवाज येतो आणि रुग्ण हसत उठतो. मुलाने तसलीच एक जागा शोधली आणि दहा वेळच्या उपचाराचे सहा हजार रुपये आगाऊ भरले. "सिस्टर, गुडघ्याला त्यानं दोन मिनिटं हात लावला. बाकी समदं मानेला आन् कमरेला. टेबलावर बरं वाटायचं, घरी येईस्तोवर परत तेच." चौथ्या खेपेनंतर मान आखडली. आम्ही त्यांना त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात पाठवले. सुदैवाने तपासणीत गंभीर काही निघाले नाही.

या उपचाराला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. तो अमेरिकेतला. 1895 साली आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाच्या गृहस्थाने हार्वे लिलार्ड या कृष्णवर्णीय सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याचे गेलेले ऐकू येणे परत आले, असा दावा केला. मणके जागचे सरकतात, नसा दबतात आणि त्यातून बहुतेक आजार होतात, हा पामरचा सिद्धांत. पण ऐकण्याची नस कानातून कवटीच्या आतूनच मेंदूत जाते, पाठीच्या मणक्यातून नाही. आज त्या देशात कायरोप्रॅक्टर होण्यासाठी काही वर्षांचे शिक्षण आणि सरकारी परवाना लागतो. आपल्याकडे या उपचारासाठी वेगळी नोंदणी परिषदच नाही. त्यामुळे पाटी लावणारा काय शिकला आहे हे ओळखायला रुग्णाला मार्ग नसतो.

आता गुडघ्याकडे येऊ. चाळिशी-पन्नाशीनंतरची बहुतेक गुडघेदुखी म्हणजे सांध्याची झीज. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा पातळ होते, आतले अस्तर सुजते, मांडीचे स्नायू अशक्त होतात. यात काहीही 'जागचे सरकलेले' नसते, मग बसवणार काय? कट्ट आवाज होतो तो सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्यामुळे. बोटे मोडल्यावर येतो तोच हा आवाज. त्यावरून हाड बसले, नस मोकळी झाली असे काही ठरत नाही.

मग बरे का वाटते? हाताने दाबल्या-ताणल्याने आखडलेले स्नायू थोडा वेळ सैल पडतात आणि कोणीतरी आपले दुखणे मन लावून ऐकते. आमच्या सरकारी दवाखान्यांत एवढा वेळ कोणी देत नाही, ही आमचीही चूक आहे. कंबरदुखीत अशा उपचाराने काहींना थोडा उतार पडतो, हे खरे. गुडघ्याचे तसे नाही. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की झिजेच्या दुखण्यात हाताने करायचे उपचार द्यायचेच तर व्यायामाच्या जोडीला द्यावेत, नुसते नाहीत. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 साली म्हटले की व्यायामाला अशा उपचाराची जोड देण्यापेक्षा व्यायामच करावा. मानेला झटका देणे तर गुडघ्यासाठी मुळीच करून घेऊ नये. मेंदूला रक्त नेणारी धमनी मानेच्या मणक्यांतून जाते. क्वचित का होईना, ती आतून फाटते आणि पक्षाघात होतो.

व्यायामाला पैसे लागत नाहीत. खुर्चीवर बसा, एक पाय समोर सरळ करा, मांडी घट्ट करून दहा आकडे मोजा, हळू खाली आणा. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. करताना थोडे दुखेल. दुसऱ्या दिवशीपर्यंत ते शमले तर ठीक, वाढले तर संख्या कमी करा. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे जातात आणि नेमके तिसऱ्या आठवड्यात लोक सोडून देतात! अंगाने जड असाल तर वजन उतरवा. एक किलो उतरले की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने हलका होतो. उकिडवे बसून भांडी-धुणे करण्याऐवजी स्टूल घ्या. दुखऱ्या गुडघ्यावर डायक्लोफेनॅकचे मलम चोळा. हीच गोळी मेडिकलमधून आणून महिनोन्‌महिने खाल्ली तर जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होते. रक्तदाब किंवा साखर असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. व्यायाम नीट शिकायचा असेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फिजिओथेरपी विभागाची चौकशी करा.

गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, पडल्यावर पाय टेकवत नसेल, गुडघा मध्येच अडकून बसत असेल किंवा पोटरी एकाएकी सुजली असेल, तर व्यायामही नको आणि मालिशही नको. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लहान मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल तर खुबाही तपासून घ्या. दुखण्याचे मूळ पुष्कळदा तिथे असते.

त्या मावशींचा उजवा गुडघा जास्त दुखतो आणि काठीही उजव्याच हातात होती. काठी नेहमी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची. आम्ही ती डाव्या हातात दिली आणि अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या. "हे त्यानं का नाय सांगितलं?" त्यांनी विचारले. उरलेल्या सहा खेपांचे पैसे परत मागायला मुलगा गेला आहे. अजून मिळालेले नाहीत.