शॅकवरची वाइनची यादी

चोर्ला घाट उतरला की आम्हा बेळगावकरांचा मोर्चा थेट गोव्याच्या किनाऱ्याकडे. शॅकवर मी मेनूकार्डाचं शेवटचं पान आधी उघडतो. यादी फार लांब दिसली की शंकाच येते: एवढ्या बाटल्या या उकाड्यात ठेवतात कुठे? यादीत मी आधी शोधतो नाशिकच्या सुला वायनरीने २००० साली पहिल्यांदा बाजारात आणल्या त्या सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ. रव्यात तळलेल्या बांगड्याला पहिली, तिखट हुमणाला गोडसर शेनिन. ग्लासने घेताय? बाटली कधी उघडली ते बिनधास्त विचारा. पांढरी वाइन ८ ते १० अंशांवर हवी; बर्फाची बादली नसेल तर माझे निम्मे गुण कापले. गोड पोर्ट माशांबरोबर नकोच, ती बेबिंकासोबत. आणि मार्च-एप्रिलात गेलात तर यादी मिटा, काजूच्या बोंडांची उर्राक मागवा.