फजरनंतरचा एक तास

आपल्या बऱ्याच घरांत फजरनंतरचा तास ठरलेल्या पद्धतीने जातो. मुलं पुन्हा अंथरुणात शिरतात, पुरुष मोबाईल हातात घेतात आणि घरातली बाई थेट स्वयंपाकघराकडे वळते. डबे, शाळेची गडबड, सासूबाईंची औषधं असं करत दिवस सुरू होतो, तो ईशापर्यंत तिला उसंत देत नाही. मग डोकं दुखतं, झोप नीट लागत नाही, लहानसहान गोष्टींवरून चिडचिड होते. घरातले म्हणतात, ‘हिचा स्वभावच तापट झालाय.’ स्वभावाला नावं ठेवण्याआधी तिला मोकळं आकाश शेवटचं कधी दिसलं, हे विचारायला हवं असं आम्हाला वाटतं.

यावर पैसे न लागणारा एक साधा छंद सुचवावासा वाटतो. तो म्हणजे पक्षी पाहणं. पहाटे पक्ष्यांची हालचाल आणि बोलणं सर्वात जास्त असतं. म्हणजे आपण नमाजासाठी उठलेलोच असतो, तेव्हाच या छंदाची उत्तम वेळ असते.

या छंदाचा विषय निघाला की डॉ. सलीम अली यांचं नाव येतंच. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेल्या सलीम यांचे आई-वडील ते अगदी लहान असतानाच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवलं. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची चिमणी असल्याचं सांगितलं, शिवाय पेंढा भरून जतन केलेले कितीतरी पक्षी दाखवले. मुलाच्या एका प्रश्नाला घरातल्या मोठ्यांनी ‘गप्प बस’ असं उत्तर दिलं नाही, एवढ्यावरून पुढचं सगळं घडलं.

त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग मात्र कमी सांगितला जातो. १९३० च्या सुमारास जर्मनीतून शिकून परत आल्यावर त्यांच्या हाताला नोकरी नव्हती. ते आणि पत्नी तेहमिना अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे जवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. सलीम अली तासन्‌तास बसून ती पाहत राहिले. नर अर्धवट घरटं विणतो, माद्या येऊन ते तपासतात, एखादीने पसंत केलं की तो ते पूर्ण करतो आणि मग दुसरं घरटं विणायला घेतो, हे त्यांनी बारकाईने टिपलं. याच अभ्यासाने त्यांचं नाव जगभरातल्या पक्षितज्ज्ञांपर्यंत पोहोचलं. पुढे १९४१ मध्ये त्यांचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आलं. बेकारीच्या दिवसांत घरात कुढत बसणं सोपं होतं. ते झाडाखाली जाऊन बसले. तेहमिनाही त्यांच्या रानावनातल्या भटकंतीत बरोबर असत, हे आमच्या भगिनींनी आणि त्यांच्या यजमानांनी आवर्जून लक्षात ठेवावं.

या छंदाने मन शांत का होतं? पक्षी पाहायचा तर हळू चालावं लागतं, गप्प राहावं लागतं, नजर लांब न्यावी लागते. तेवढा वेळ उधारीचा हिशोब आणि नातेवाइकांचं बोलणं डोक्यातून उतरतं. पाय मोकळे होतात, अंगाला सकाळचं ऊन लागतं. जी मुलं रोज बाहेरच्या उजेडात वेळ घालवतात, त्यांना लांबचं अंधुक दिसण्याचा त्रास होण्याचा धोका कमी असतो, असंही डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. अर्थात, उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. छंद हा औषधाचा सोबती आहे, औषधाची जागा तो घेत नाही.

महिन्यातून एकदा सगळ्या कुटुंबाने शहराबाहेर पडावं. पुणे परिसरातल्या वाचकांना आम्ही भोर-वेल्हे भागातलं पाली सुचवू. नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे गेलं की कानंद नदीच्या खोऱ्यात, राजगडाच्या पायथ्याशी हे गाव आहे. गडाच्या पाली दरवाजाला त्याचंच नाव आहे. इथून वर जाणारी पायऱ्यांची वाट इतर वाटांपेक्षा सोपी मानली जाते, तरी तिला साधारण तीन तास लागतात. दादी-नानी आणि लहान मुलं बरोबर असतील तर गड चढण्याचा हट्ट धरू नये. भातखाचरांच्या बांधावरून फिरलं तरी दिवस सार्थकी लागतो. बगळे, खंड्या, वेडा राघू, कोतवाल, टिटवी हे अशा ठिकाणी सहज भेटणारे पक्षी. हिवाळ्यात शेपटी हलवत चालणारा धोबी दिसेल. मोकळ्या जमिनीवर लांब चोचीने किडे वेचणारा, डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला पक्षी दिसला तर मुलांना थांबवून दाखवा. तो हुदहुद. हजरत सुलैमान (अलैहिस्सलाम) यांच्याकडे खबर घेऊन येणारा, सूरह नम्लमध्ये ज्याचं नाव आलं आहे तोच. नाव पाठ असलेला पक्षी डोळ्यांनी पाहण्यातला आनंद मुलं विसरत नाहीत.

जाताना पाणी आणि जेवण घरून न्यावं, प्लास्टिक परत आणावं. शेतातून जायचं तर शेतकऱ्याला विचारून जावं. घरट्याजवळ जाऊ नये. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात, म्हणून धूर, आरडाओरडा आणि उग्र अत्तर टाळावं.

रोजच्यासाठी मात्र गच्ची, खिडकी किंवा मोहल्ल्यातलं एखादं झाड पुरेसं आहे. एक वही ठेवा. तारीख, वेळ, पक्ष्याचा रंग आणि तो काय करत होता, एवढंच लिहा. नाव नंतर शोधता येतं. उन्हाळ्यात पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि ते रोज बदला. हौसेखातर पोपट मात्र पिंजऱ्यात ठेवू नका. आपल्याकडचे रानपोपट पकडणं, विकणं किंवा पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह पाळला जातो. त्याचा शेवटचा दिवस सलीम अलींच्या जन्मदिवसाचा. सुरुवातीला ही वेळ चांगली आहे. पण एक गोष्ट तोवर थांबू नये. आठवड्यातले दोन दिवस फजरनंतरचा चहा-नाश्ता घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी करावा, आणि अम्मीच्या हातात ती वही द्यावी. ती अर्ध्या तासाने परत येईल तेव्हा नाश्ता थोडा करपलेला असेल, तरी कुणी कुरकुर करू नये. आज काय दिसलं, हे मात्र तिला जरूर विचारावं.